मागचे आवाज

मी कपाटात बसून वाचते.
दोन हिवाळी कोट डोक्यावर, मांडीवर उशी,
उशीवर फोन, आणि दाराच्या फटीतून
जेमतेम एका ओळीपुरता उजेड.
लोकर आवाज गिळते, असं एबेरनं सांगितलंय.
डांबरगोळ्यांच्या वासात एका नदीचा इतिहास.
प्रकरण सातवं. गाळ.

मार्चात ग्रंथालयाला कुलूप लागलं
तेव्हा एकतीस प्रकरणं सहा जणांत वाटून घेतली.
हे पुस्तक मुळात कुणी मागितलं होतं
ते आता कुणालाच आठवत नाही.
पण ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी वाचायला घेतलेलं
अर्ध्यावर टाकायचं नाही, हा आमचा नियम.
दुसरा नियम होता, काचेच्या खोलीत माते प्यायचं नाही.
तो आता कोण पाळतंय.

मोन्तेविदेओत पानगळ. चिनाराची पानं
रस्ताभर, आणि झाडायला कुणी नाही.
मंगळवारी भेटायचो,
आता मंगळवारी एकमेकांना ऐकतो.
विल्मारच्या प्रकरणात ऐन महापुरात किटली शीळ घालते.
ग्रासिएलाच्या डोक्यावर वरच्या मजल्यावरचं पोर
दोरीवर उड्या मारतं,
उडी पडेल तिथे ती बिचारी स्वल्पविराम घेते.
नेलिदाच्या मागे भिंतीवरचं घड्याळ.
आणि मी खोकते.

एबेर रात्र रात्र बसून हे सगळं पुसायचा.
नदी धुऊन, गाळून पाठवायचा.

मग एउसेबियोचा फोन आला.
एक्क्याऐंशीचा आहे. पियानोचे सूर लावण्यात जन्म गेला.
म्हणाला, पोरा, हे पुसणं थांबव.
पाच आठवडे माझ्या दाराची घंटा वाजलेली नाही.
नदी गेली खड्ड्यात,
मला ती किटली ऐकव.

तेव्हापासून एबेर वेळेवर झोपतो.
आणि आम्ही, खोटं कशाला बोलू, जरा नटायला लागलो.
विल्मार तहान नसताना पाणी उकळतो.
मी कपाटाचं दार किलकिलं ठेवते,
खालून धारवाला गेलाच पावा वाजवत
तर तोही यावा नदीत.

सोळावं प्रकरण नेलिदाचं.
स्वच्छ आवाज, कुठे अडखळ नाही.
एबेरनं ऐकलं, मी दोनदा ऐकलं,
छान, असं कळवूनही टाकलं.
एउसेबियोनं विचारलं,
घड्याळ कुठाय?

लीबेर दर रविवारी त्याला चावी द्यायचा.
तिचा नवरा. आम्हाला ठाऊक होतं हे,
ठाऊक असून ऐकू आलं नव्हतं.

मी फोन केला. पलीकडे बराच वेळ काही नाही.
मग, गुरुवारी, म्हणाली.
दवाखान्यात आत सोडलं नाही, म्हणाली.
मला काय बोलावं ते सुचेना.
म्हटलं, सतरावं माझ्याकडे आहे, वाचू का?
वाच.
कपाटात बसून मी तिला
बेटं वाचून दाखवली, एकेक,
त्यांची नावं, लांबी, रुंदी,
कुठलं बुडालं, कुठलं पुन्हा वर आलं.
ती मध्येच म्हणाली, लांबी परत सांग.
सांगितली.

पुढे रोज रात्री कुणीतरी.
ठरवलं कुणीच नव्हतं.
एका रात्री म्हणे विल्मारला वाचायला काही सापडेना
तर त्यानं विजेचं बिल वाचलं,
आणि ती हसली.

काल तिचं बावीस आलं.
मागे टिकटिक, जराशी घाईत.
एउसेबियो म्हणतो, दिवसाला चार मिनिटं पुढे पळतंय,
लंबक थोडा खाली घ्यायला हवा,
बाहेर पडू दे, येऊन लावून देतो.
नेलिदा म्हणते, पळू दे.

तेविसावं माझं आहे.
कोट डोक्यावर घेते.
दार किलकिलं.